बिनपाण्याची : चौदा ट्रॅकचे मार्क

२ ऑक्टोबर, जेवणाची सुट्टी
रॅपर वस्तराभाईंचा नवीन अल्बम नऊ तारखेला येतोय. नाव ‘बिनपाण्याची’. चौदा ट्रॅक. ठरवलं आहे : प्रत्येक ट्रॅक तीनदा ऐकायचा, मग दहापैकी मार्क. पहिल्यांदा शब्द, दुसऱ्यांदा बीट, तिसऱ्यांदा डोळे मिटून. ओळख आहे म्हणून एक मार्क जास्त नाही. मी आठवीत दोनदा बसलोय, चुकीचे मार्क पडले की काय होतं ते मला विचारा.

३ ऑक्टोबर
ओळख कशी ते लिहून ठेवतो. तीन वर्षांत त्यांना दोनशे बारा व्हॉइस मेसेज पाठवले. दोनशे अकरांना उत्तर नाही. मोठी माणसं विचार करून बोलतात. मागच्या महिन्यात बोलले : ‘भावा भारी. अजून घरचं सांग.’
काकांना दाखवलं. काका माझे रूम पार्टनर. लाँड्रीत गरम रोलरवर चादरीचं एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्यांनी विचारलं, घरचं म्हणजे काय सांगितलंस रे? म्हटलं, ते आम्हा कलाकारांचं असतं.

४ ऑक्टोबर, शनिवार
ताईला जहाज पाठवलं.
ताईचा नवरा दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार मांडून बसला. एकट्या बाईला कोणी खोली देत नाही. शिवाय ताई बालवाडीत शिकवते, तिथे पोरांच्या आया खोदून खोदून विचारतात. म्हणून ताई सांगते की नवरा जहाजावर असतो. खरं काय ते फक्त मला माहीत. तिने शपथ घातली आहे, हे फुटलं तर तिची खोली पण जाईल आणि नोकरी पण.
पण तिला धड खोटं बोलता येत नाही. घरमालकीण दर रविवारी विचारते, साहेब कुठवर आले? ही गडबडते. म्हणून दर शनिवारी मी तिला जहाजाचा मजकूर पाठवतो. आज : धुकं पडलं, जहाज बंदरात थांबलंय. मागे कप्तानाची दाढ सुजवली होती, त्याच्या मागे व्हेल मासा. व्हेल ताईने कापला. तिला रिस्क घेता येत नाही.
एवढं डोकं चालवायचं आणि कोणी ऐकायचं नाही, हे बरोबर नाही. म्हणून मागेच हे सगळं वस्तराभाईंना सांगितलं. त्यांना सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे.

९ ऑक्टोबर, कामावर
अल्बम आला. इअरफोनला बंदी आहे. एकच कानात, वरून टोपी.
ट्रॅक एक : दहा. ट्रॅक दोन : शब्द कळले नाहीत, म्हणजे खोल आहेत. दहा. ट्रॅक तीन : त्यात ते आपल्या गाडीबद्दल बोलतात. दहा.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
आचाऱ्यांचे कोट मशीनमध्ये टाकताना खिसे दोनदा तपासायचे असतात. मी ट्रॅक तीन तिसऱ्यांदा, डोळे मिटून ऐकत होतो. एका खिशात पेन होतं. सोबतचे ऐंशी टॉवेल निळे झाले. सुपरवायझर बाई काही ओरडल्या नाहीत. एक टॉवेल उचलून माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं की ह्याने तुझं तोंड पुसू का. मी म्हटलं, चालेल. काका बाजूला खोकत होते.

१० ऑक्टोबर
चार, पाच, सहा : प्रत्येकी दहा. तिन्हींत गाडी आहे. सातत्य लागतं.
ट्रॅक सात ऐकला आणि हातातली चादर सुटली.
ट्रॅक सातमध्ये मी आहे.
माझा आवाज. थोडा बारीक करून घेतलाय, उंदरासारखा, पण मीच. गाणं नाही, नुसतं बोलणं आणि मागे पाच-सहा जण हसतायत. व्हेल आहे, कप्तानाची दाढ आहे, ‘साहेब कुठवर आले?’ आहे. सगळं. शेवटी वस्तराभाई स्वतःच्या तोंडाने म्हणतात, ‘ह्याला पण कोणीतरी जहाजात बसवून द्या रे.’
म्हणजे त्यांना मी त्यांच्याबरोबर हवा आहे. प्रवासात.
दहा. नियमात बसत असतं तर अकरा.

११ ऑक्टोबर, शनिवार
अख्ख्या लाँड्रीने ट्रॅक सात ऐकला. ड्रायव्हर लोकांनी गाडीत लावला, पॅकिंगच्या बायकांनी जेवताना लावला. सगळे पोट धरून हसले. मला बघून ‘साहेब, जहाज कुठवर?’ विचारतात. इथे दोन वर्षं झाली, आजवर मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं.
काका हसले नाहीत. खोलीवर आल्यावर म्हणाले, “बाळा, ते तुझ्या गोष्टीला नाही हसत. तुला हसतायत. आणि तुझ्या बहिणीला.”
काकांना हा प्रकार कळत नाही. त्यांचं वयच नाही.
जहाज पाठवायचं राहून गेलं.

१३ ऑक्टोबर
ताईचा फोन. मला वाटलं अभिनंदनाचा. तिने विचारलं, “माझं नाव घेतलंस?”
मी शपथेवर सांगितलं की नाव अजिबात घेतलं नाही. फक्त बालवाडीची बाई, तिसरा मजला, घरमालकिणीचं एका डोळ्याचं मांजर. डिटेल नसले तर रॅप खोटा वाटतो, हेही समजावलं. सात नंबर म्हणजे अल्बमच्या बरोबर मधला, मानाची जागा, हे सांगत होतो.  तिच्या मागे पोरं ‘जहाज, जहाज’ ओरडत होती. नाचगाण्याचा तास असणार.
मग म्हणाली की घरमालकिणीच्या मुलाने ते जेवताना सगळ्यांना ऐकवलं. महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करायची आहे. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी उद्या भेटायला बोलावलंय.
मी म्हटलं, आपण जहाज बुडालं असं करू. सहानुभूती मिळेल.
फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

१४ ऑक्टोबर
निःपक्षपातीपणा म्हणून ट्रॅक सातचा अर्धा मार्क कापला. साडेनऊ. आवाज एवढा बारीक करायला नको होता.
ठरवलं की वस्तराभाईंना कडक शब्दांत लिहायचं, हा ट्रॅक आजच्या आज काढा. आधी अभिनंदन केलं, तेवढी रीत असते. मग ऐकलेल्या सातही ट्रॅकचे मार्क कळवले. मग लिहिलं, ट्रॅक सात जमल्यास बघा.

१५ ऑक्टोबर
काल लिहिलेलं आज सकाळी पाठवलं. उत्तर आलं. दहा मिनिटांत. ‘भावा तुफान चाललाय तो. पार्ट टू पाठव.’
तीन वर्षांत दहा मिनिटांत कधी आलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर
मला मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलंय. हॉस्पिटलच्या चादरी, त्यात काय काय असतं ते लिहीत नाही. कधी सुई निघते. सुपरवायझर बाई म्हणाल्या, इथे पेन शोध. काकांच्या समोर आता दुसरा पोरगा. पण एकांत आहे, मास्क असल्यामुळे इअरफोन दिसत नाही. एका अर्थी प्रमोशनच.
आठ ते अकरा : दहा, दहा, दहा, दहा.

१८ ऑक्टोबर, शनिवार
ताईला बालवाडीतून काढलं. आया म्हणाल्या, आमच्या पोरांना खोटारडी बाई नको. हे मला ताईने नाही, मामीने कळवलं, आणि वर माझ्या तोंडात किडे पडोत असंही. ताई फोन उचलत नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं. दोन ताटल्या भात गेला नाही, एकच ताटली गेली.
आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. शाळेत नेऊन सोडायची ती ताई, डबा ती, नापास झालो तेव्हा सहीसुद्धा तिचीच, बाबांच्या नावाने. तेवढं एकच खोटं तिला जमलं होतं.
मन मोकळं करायला रेकॉर्ड केलं. खोली, मोठ्या बाई, आया, सही, सगळं. फक्त स्वतःसाठी. पाठवणार नाही.

१८ ऑक्टोबर, थोड्या वेळाने
पाठवलं. नीट झालं होतं.

२२ ऑक्टोबर
चार दिवस झाले. वस्तराभाईंचा फोटो दिसायचा बंद झालाय. मेसेजवर एकच टिक. काकांना विचारलं. काकांनी फोन हातात घेतला, बघितला, परत दिला. म्हणाले, तुला काढून टाकलं त्याने. मी म्हटलं, त्यांचा नंबर बदलला असणार, फॅन लोक त्रास देतात.
बारा, तेरा, चौदा अजून ऐकले नाहीत. जमत नाहीये.

२४ ऑक्टोबर
सुयांच्या खोलीतल्या प्रत्येकाला फॉर्म भरावा लागतो. काही झालं तर कोणाला कळवायचं, नाव, नातं, नंबर. लिहिलं : ताईचं नाव, सख्खी बहीण, नंबर. अक्षर चांगलं काढलं.
नंबर बरोबर आहे का ते ऑफिसवाले फोन करून बघतात. दुपारी ऑफिसातल्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, नंबर लागला, त्यांनीच उचलला, नाव पण तेच सांगितलं. पण त्या ताई म्हणाल्या, मला भाऊ नाही.
मी म्हटलं, परत करा ना फोन, तिला धड खोटं बोलता येत नाही, पकडली जाईल.
बाई म्हणाल्या, केला होता. दुसऱ्यांदा पण तेच, अजिबात न अडखळता. दुसरं कोणी लिहा.
त्यांनी ती ओळ खोडून फॉर्म परत दिला. उद्या सकाळी द्यायचा आहे. बसलोय घेऊन.