तेरवीचा भाव

बाबा, आपल्या बिछायत केंद्राचे सगळे भाव मी आता उघडे करून टाकले आहेत. दुकानाच्या पाटीवर नाही, वेबसाइटवर. तुम्ही गेलात तेव्हा अर्जुनीत इंटरनेट म्हणजे पोरं परीक्षेचा निकाल पाहायला जिथं गर्दी करायची ते एक दुकान, एवढंच होतं. आता ते लोकांच्या खिशात आलंय. तिकडे केशोरी गावात बांधावर बसलेला माणूस मोबाइलवर बोट फिरवतो आणि त्याला बसल्या जागी दिसतं, आपल्याकडे गादीचं भाडं किती, खुर्चीचं किती, कनातीचं किती, भात शिजवायच्या मोठ्या गंजाचं किती. आणि सगळ्यात खाली तेरवीच्या सामानाचा भाव लिहिलाय. हो, तेरवीचा. तुम्ही असता तर मला दुकानाची पायरी चढू दिली नसती, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच हे सगळं लिहून राहिले.

तुम्ही मयतीच्या घरी कधी भाव सांगितला नाही. लग्नाच्या मांडवासाठी पाटलाशीही तास तास घासाघीस करायचात, पण तेरवीचं सामान म्हटलं की तुमचं एकच वाक्य, 'पटते ते द्या.' मला आठवतो तो नव्व्याण्णव सालचा दिवस. केशोरीचे काका गेले होते, तुमचे लहानपणापासूनचे मित्र, दर दिवाळीला नव्या तांदळाचं पोतं घेऊन घरी येणारे. त्यांचा थोरला मुलगा दुकानात उभा आहे, मुंडण केलेला, खांद्यावर पंचा. मी गल्ल्यावर बसले आहे, नुकतीच कॉलेजात जाऊ लागलेली, स्वतःला फार हुशार समजणारी. तो विचारतो, "ताई, गाद्या, कनात, भांडे, सारं मिळून किती होईल?" मी बोटांवर हिशोब करते, सांगायला तोंड उघडते, तेवढ्यात तुम्ही मागच्या गोदामातून येता, हातात सुतळीचा गुंडा. "काऊन वो? मेल्या घरच्या माणसाले भाव सांगून राहिली? लाज वाटते का नाही तुले?" तो मुलगा खाली पाहायला लागतो. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवता. "जा बापू, सामान पोचते. तुमाले पटते ते द्या, सावकाश. तुझा बाप माह्या भावावानी होता."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी चुलीपाशी जेवायला बसलो तेव्हा तुम्ही भाकर मोडता मोडता आईला म्हणालात, "मरणाच्या घरी भाव बोलाले लागलो तं आपल्यात अन् सावकारात फरक कायचा?" आई तुमच्या ताटात वरण वाढत राहिली. मला मात्र तुमचा एकदम अभिमान वाटला. असा बाप कोणाला मिळतो, असं वाटलं. तो अभिमान अजून आहे, तेवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही तापणार नाही.

सामान परत आलं. गंज इतके लख्ख घासलेले की आईनेही नाव ठेवलं नाही. पण सोबत फक्त ट्रॅक्टरवाला होता, घरचं कोणी नव्हतं. मग कोणी आलंच नाही. दिवाळी आली, तांदूळ आला नाही. दुसरी दिवाळीही गेली. बाजारात थोरला दिसला तर तो पानठेल्याच्या आडोशाला व्हायचा. मग काकांच्या मुलीचं लग्न निघालं आणि मांडव वडशावरून आणला. त्या दिवशी तुम्ही घरभर फिरत होता, "वडशावरून! अर्जुनी टाकून वडशावरून!" पैसा तुम्हाला नकोच होता, आणि ते जगाला माहीत होतं. माणसं तुटली याचं तुम्हाला लागलं होतं. मग दर दिवाळीला एकदा तरी ते निघायचंच. "म्या काय मांगतलं होतं त्याइले? काय मांगतलं होतं?" आई म्हणायची, जाऊ द्या ना आता. तुम्ही जाऊ देत नव्हता. शेवटच्या दुखण्यात खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा विचारलंत, केशोरीहून कोणी येऊन गेलं का?

आणि मग तुम्हीच गेलात, तेही ऐन लग्नसराईत. आपलं सगळं सामान गावोगावच्या मांडवात अडकलेलं. आई म्हणाली, कोणाच्या लग्नघरून गादी ओढून आणायची नाही. म्हणून तुमच्या तेरवीचं सामान समोरच्या बिछायतवाल्याकडून आलं. ज्याच्याशी तुम्ही आयुष्यभर चढाओढ केली, तोच. तो बिचारा स्वतः गाड्यावर बसून आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, तुमाले पटते ते द्या."

बाबा, अख्ख्या तालुक्यात गादीचा भाव माझ्याइतका कोणाला पाठ होता? तरी मला कळेना किती द्यायचं. कमी दिलं तर म्हणणार, धंद्यातल्या बाईला समजत नाही का. चोख दिलं तर त्याच्या चांगुलपणाची किंमत केल्यासारखं होणार. जास्त दिलं तर मोठेपणा दाखवला म्हणणार. विचारायची तर सोयच नाही. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि माझ्या डोक्यात कनात किती हात लागली याचा हिशोब चालू. बाप गेला आणि मी हे काय करून राहिले, म्हणून स्वतःचीच चीड यायची. शेवटी एक रक्कम कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबली आणि पळाले. ती बरोबर होती का, मला अजून माहीत नाही. पण तुमचं ते वाक्य, जे ऐकून मला अभिमान वाटला होता, ते ऐकणाऱ्याच्या अंगावर किती जड पडतं ते तेव्हा कळलं.

वेबसाइट पुष्कळ वर्षांनी झाली. गोंदियाच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून करून घेतली. तो म्हणाला, "दीदी, रेट मत डालो. 'कॉल करें' लिख दो. सब यही करते हैं. सामनेवाला देखेगा तो पाँच रुपये कम कर देगा." त्याचं काही अगदीच चुकीचं नव्हतं. मांडव पाहिल्याशिवाय, अंगण मोजल्याशिवाय नेमका भाव सांगता येत नाही, हे तुमचंच म्हणणं. पण मी म्हटलं, ज्याला फोन करायची हिंमत होत नाही त्याचं काय? तो हसला. हिंमत कशाला पाहिजे, फोनच तर करायचाय! त्याला काय सांगू. मी सगळे भाव लिहून दिले, फरक पडेल तिथं 'अंगण पाहून थोडं कमीजास्त' असं टाकलं, आणि शेवटी तेरवीची ओळ. सगळं सामान मिळून एकच भाव, लग्नाच्या निम्म्यात, आणि पुढं, 'विचारायची गरज नाही, मागाहून दिले तरी चालेल.' आई म्हणाली, "तेवढं नोको लिहू वो माय. तुझा बाप वरून पाहून राहिला असंल." मी लिहिलं, पण आता कोणीतरी नाव ठेवणारच असं वाटत होतं.

आणि झालंच तसं. आपल्याच गोतातल्या एका म्हाताऱ्यांचा फोन आला. "बापानं नाव कमावलं अन् पोरीनं मरणाचा बाजार मांडला!" असं काय काय बोलले की माझे कान लाल झाले. ते नाव तुमचं होतं, बाबा, आणि मी ते मातीत घालून राहिले की काय, या विचारानं मला जेवण गेलं नाही. कॉम्प्युटरवाल्याला सांगून ती ओळ काढून टाकावी असं पक्कं ठरवलं. पण तो कोणाच्या लग्नाला रायपूरला गेला होता, म्हणून राहिलं.

त्याच आठवड्यात एक माणूस दुकानासमोर मोटरसायकल लावून उभा राहिला. आत येईना. पुन्हा मुंडण, पुन्हा पंचा, पण आता दाढीचे खुंट पांढरे. केशोरीचा थोरला. त्याची आई गेली होती. मी म्हटलं, या ना भाऊ. तो पायरीवरच थांबला आणि खिशातून पैसे काढून पुढं केले. चोख, वेबसाइटवर होते तेवढेच. "पोरीनं मोबाइलात दाखवलं. इचारा लागत नाही म्हने, म्हून आलो." मग म्हणाला, "ताई, तुमी तेव्हा सांगून राहिल्या होत्या. काकाजीनं सांगू नाही देल्लं."

मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, आणि तो बोलत सुटला. "आमी तिघं भाऊ बसलो. एक म्हने इतके देऊ. दुसरा म्हने, इतक्यानं काकाजीचा अपमान होईल. जास्त द्याले घरात नोते. मंग म्हटलं, धान निघाल्यावर देऊ. मंग उशीर झाला. मंग कोन्तं तोंड घेऊन येऊ? बहिणीच्या लग्नात माय रडली, अर्जुनीवरूनच आणा म्हने. माही हिंमत नाही झाली." आणि मग, "मागचंबी सांगून टाका ताई, किती होते ते." अहो, असू द्या, असं माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. तुम्ही मला जो आकडा सांगू दिला नव्हता तो सांगितला, त्या वेळच्या भावाचा. त्यानं मोजून दिले आणि असा श्वास सोडला की मला हसूच आलं, आणि मग आम्ही दोघंही डोळे पुसायला लागलो. कितीतरी वर्षांनी त्या घरचा माणूस आपल्या दुकानात ऐसपैस बसून चहा पिऊन गेला. बाबा, ते रागावले नव्हते हो. उलटले नव्हते, विसरले नव्हते. नुसते लाजत होते. मला इतकं हलकं वाटलं की त्या म्हाताऱ्यांना मीच फोन करून खुशाली विचारली. ती ओळ आता राहणार.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही, आईच्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवीन. एवढं फक्त सांगायचं राहिलं. निघताना थोरल्यानं चपला घालता घालता विचारलं, "काकाजी लय रागावले असंल ना आमच्यावर?" मी म्हटलं, छे, एक दिवसही नाही, उलट तुम्हाला किती काम असेल म्हणायचे. तेव्हा केशोरीचे काका तिकडे भेटले असतील तर मला खोटं पाडू नका, बाबा.