सातव्या खंडाबाबत निर्वाणीचं पत्र

वेस्ट मांबलम, चेन्नई
१२ ऑगस्ट २००६

चि. अमोघ यास,

वसंतमामाचे आशीर्वाद. (रागातले आहेत, तरी आशीर्वादच समजून घ्यावेत.) इकडे सर्व क्षेम, उकाडा आहे तो आहेच, तुझ्या मामीचे गुडघे आहेत तेही आहेतच. तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, पंधरा दिवस काही वाचू नकोस, आणि आपल्या लेकानं सुचवलेलं तर जन्मात वाचू नकोस.

सहा महिन्यांपूर्वी मी तुला एक साधा प्रश्न विचारला होता. आपली ऊर्मी (अरुणची मुलगी, तुझी पुतणी, वय तेरा) मैत्रिणींशी तमिळ बोलते, आईबापांशी इंग्रजी आणि माझ्याशी ‘हं’. शेजारच्या गल्लीतून अधूनमधून यायची, आजीच्या हातचं खायची, कानात त्या वायरी घालून कसलंसं जाडजूड पुस्तक वाचायची आणि निघून जायची. नातीशी बोलायला काहीतरी विषय हवा, म्हणून मी विचारलं की बाबा रे, जादू, राजे, ड्रॅगन असल्या पुस्तकांत बरं काय आहे? तू दोन मालिका सुचवल्यास, पाच खंडांची ‘काचेची नदी’ आणि सात खंडांची ‘सात दीपस्तंभ’. (इंग्रजी नावं लिहीत नाही, मामीच्या मते ती खोकल्याच्या औषधांची वाटतात.) वर लिहिलंस, मामा, दीपस्तंभच घ्या, त्याच्यापुढं नदी म्हणजे काहीच नाही. ते पत्र मी जपून ठेवलंय, पुरावा म्हणून.

इथं स्टेशनजवळ सेतुमाधवरावांची भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी आहे. गृहस्थ तंजावरकडचे मराठी. बोलण्यात बखरीतले शब्द, हेल तमिळ, आणि तरी माझं मराठी बिघडलंय असं मलाच तोंडावर सांगतात! प्रत्येक पुस्तकाला ते तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी करतात, पाठीवर नंबर घालतात आणि आतल्या पहिल्या पानावर तारखांचा कागद डकवतात, म्हणजे खाली काय छापलंय ते ब्रह्मदेवालाही दिसू नये. आता मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या मालगाड्यांत काढली. डब्यावर नंबर असला की तो खरा, एवढंच मला कळतं. पाठीवर एक ते सहा होते, मी एक ते सहा वाचले.

आणि काय सांगू तुला! पहिल्यात सगळे म्हाताऱ्या राजासाठी रडताहेत. दुसऱ्यात तो मरतो. तिसऱ्यात त्याचं लग्न. चौथ्यात तो मुंजीच्या वयाचा, डोंगरावर मेंढ्या राखतोय! पाचव्यात एकदम पन्नाशीचा झाला, तेही मी प्रतिभा म्हणून खपवून घेतलं. (एक तक्रार मात्र आहे. सहा खंड ही माणसं नुसता पाव आणि चीज खातात, एकालाही घासभर ताकभात नाही. लढाया होतील नाहीतर काय?)

मग माझी बुद्धी फिरली. इथल्या मराठी मंडळात दर महिन्याला कुणीतरी वाचलेल्या पुस्तकावर बोलतं. मी होऊन नाव दिलं, विषय या दोन मालिकांची तुलना. चाळीस मिनिटं बोललो. ‘काचेची नदी’ तर धुऊन वाळत घातली. एक पोरगी आहे, ती मोठी होते, प्रत्येक मंत्रामागे स्वतःची एक आठवण गमावते, नदी ओलांडते, संपलं! सरळसोट गोष्ट, त्यात काय एवढं? आणि दीपस्तंभकाराची झेप पाहा, मरणाकडून बालपणाकडे, काळाचा उलटा प्रवाह! जाता जाता गीतेचा एक श्लोकही जोडून दिला. लोक माना डोलावत होते. (त्यांतल्या एकानंही यातलं पानसुद्धा वाचलेलं नव्हतं. आपली माणसं मान डोलवायला वाचनाची अट घालत नाहीत.) तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ऊर्मी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आजोबा, तुम्ही पाचवा खंड पहिला वाचलात.”

सभागृह इतकं हसलं की चहा अर्धा तास उशिरा आला. दुसऱ्या दिवशी सेतुमाधवरावांना जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, नंबर पुस्तक दुकानात आलं त्या क्रमानं घालतो, गोष्टीचा क्रम वाचणाऱ्यानं बघावा. अहो, मग नंबर घालता कशाला? आणि सातवा खंड? तो एन्नोरच्या कुणा गृहस्थानं नेला आणि त्याची बदली झाली, खंडासकट! मंडळात आता मला ‘उलटे वसंतराव’ म्हणतात. मामी मुद्दाम माझ्यासमोर बसून ‘काचेची नदी’ तिसऱ्यांदा वाचतेय आणि त्या पोरीच्या आठवणींसाठी डोळे पुसतेय.

तेव्हा हे पत्र निर्वाणीचं समज. सातवा खंड तुझ्या कपाटात आहे, तूच फुशारकी मारली होतीस. तो तातडीनं कुरिअरनं पाठव. आणि यापुढं मला मेनूकार्डातला पदार्थसुद्धा सुचवू नकोस.

तुझा,
संतप्त वसंतमामा

ता.क. सातवा खंड पाठवू नकोस. त्या फजितीपासून ऊर्मी रोज संध्याकाळी साडेसहाला येते. पहिल्याच दिवशी तिनं सहाही पुस्तकांवर बरोबर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या वायरी टेबलावर काढून ठेवल्या आणि मला सगळी गोष्ट सुलट सांगितली. सातवा तिलाही मिळालेला नाही, म्हणून त्यात कोण मरणार यावर आम्ही भांडतो. सुरुवात इंग्रजीत होते, पण खरी चिडली की पोरगी मराठीवर येते. काल मला ‘आडमुठे’ म्हणाली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सातवा आला की भांडण मिटलं, मग ती कशाला येईल रे? तिचा फोन आलाच तर सांग, पुस्तक मित्रानं नेलंय.

ता.क. २. हे पत्र तिच्याच हाती टपालात टाकायला देतोय, डिंकाची बाटलीही तिच्याकडेच आहे. घाबरू नकोस, तिला मराठी वाचायचा भारी कंटाळा.

अमोघकाका, मी ऊर्मी. डिंक लावायच्या आधी पत्र वाचलं, एक तास लागला. सातवा खंड मी मे महिन्यातच वाचला आहे, शाळेतल्या फ्रेंडचा होता. आजोबांना प्लीज सांगू नका. आणि पुस्तक पाठवू नका.