पहिला पोचणारा

प्रिय हरी,

पत्र लिहायची मला सवय नाही. फौजेच्या अकादमीत दर रविवारी आपल्याला घरी पत्र लिहायला बसवायचे, तेव्हाही मी ‘मजेत आहे, काळजी नसावी’ एवढंच लिहून पाकीट चिकटवायचो. आज मात्र लिहितोय. गेल्या आठवड्यात आपला कुलदीप गेला, अंबाल्याचा. तू गेल्यानंतर आपल्या कोर्समधली, अकादमीच्या त्या तुकडीतली, ही पहिली बातमी, आणि ती तू दिली नाहीस.

कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिल्लीच्या कुणीतरी टाकली. इंग्रजीत चार जड शब्द, खाली ‘मिसेस कुलदीप आणि कुटुंबीय यांच्या दुःखात सहभागी’. मग एकामागून एक जोडलेले हात. सगळा स्क्रीन हातांनी भरला रे! घरी कोण पोचलं, हे एकानेही विचारलं नाही.

तू असतास तर भडकला असतास. ‘मिसेस कुलदीप म्हणजे कोण? त्या बाईला तिच्या आईबापांनी नाव ठेवलेलं नाही का?’ हे तुझं ठरलेलं वाक्य. आयुष्यभर आपण एकमेकांच्या बायकांना मिसेस अमुक, मिसेस तमुक म्हणत आलो. आणि नवरा गेल्यावर फोन करायची वेळ आली की कुणाला नाव आठवत नाही.

नागपूरच्या आपल्या कोर्समेटचं झालं तेव्हापासून तू हे मनावर घेतलंस. तो गेला, सगळे विधी उरकले, आणि आपल्याला कळलं ते त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्यावर! त्याच्या मुलीने उत्तर दिलं, पप्पा नाहीत आता. दुसऱ्या दिवशी तू फर्मान काढलंस. प्रत्येकाचा एक पहिला पोचणारा ठरवायचा. मैत्री बघायची नाही, अंतर बघायचं. ज्याचं घर सगळ्यांत जवळ, त्याने बातमी कळताच उठायचं आणि जायचं. अकादमीचा ब्लेझर घालून जायचं. घरी पोचल्यावर ग्रुपला कळवायचं: कोण वारला, घरी कोण आहे, वहिनींचं स्वतःचं नाव काय, त्यांचा नंबर काय. बाकी रडगाणं लिहायचं नाही.

अंतर बघायचं म्हटल्यावर तुझ्या वाट्याला मी आलो आणि माझ्या वाट्याला तू. तू वसईत पापडीला वडिलांच्या वाडीत, मी विरारला अकराव्या मजल्यावर.

खरं सांगू? अकादमीत आपलं कधी जमलंच नाही. तू वसईचा, पाण्यात मासळीसारखा. मी कराडकडचा, विहिरीत उतरायचं तर कंबरेला दोर बांधणारा. दहा मीटरच्या फळीवरून उडी मारायची होती तेव्हा मी वर कठडा धरून उभा, आणि खालून तुझा आवाज, ‘ए घाटी, उतर नायतर मी येतो वरती!’ मी उडी मारली ती तुझ्या रागाने. पुढे नोकरीत कुठे भेटलो तर हात मिळवायचो आणि आपापल्या वाटेने जायचो.

मग म्हातारपणी हे शेजारपण. अर्नाळ्याला मासळी आणायला आलास की परतताना आमच्याकडे पिशवी टाकायचास. माझी सुनंदा कराडची, तिला बोंबील धरता येईना. तू तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून बोंबील साफ करून दाखवलेस, रिटायर्ड कर्नल! ती आजही म्हणते, हरीभावजींनी शिकवलं म्हणून मला येतं.

एक तक्रार आहे. छातीत दुखत होतं, ते तू मला सांगितलं नाहीस. आदल्या रविवारी फोनवर अर्धा तास तू केळीच्या भावाबद्दल बोललास. मध्ये एक वाक्य टाकायला काय झालं होतं? मी गाडी काढली असती. तू आला नसतास, भांडला असतास, पण मी काढली तर असती!

आणि तो दिवस. सकाळीच तुझ्या पुतण्याचा फोन आला, काका वाडीत पंप बंद करायला गेले ते तिकडेच पडले. मी कपाटातून ब्लेझर काढला. सुनंदाने बटणं लावून दिली. सोपाऱ्यात ट्रॅफिक. मला वाटत होतं, मी पहिला पोचणारा, मी पोचलो नाही तर वहिनी एकट्या काय करतील?

पोचलो तर काय! तुझी आख्खी आळी अंगणात. कुणी लाकडं आणलेली, कुणी भटजींना बोलावलेलं, कुणी चहाचं पातेलं चढवलेलं. पुतणे, भाचे, चुलत्यांच्या सुना. चर्चच्या बाजूचे तुझे मित्रसुद्धा माझ्याआधी हजर. मी त्या उन्हात ब्लेझर घालून माडाखाली उभा. करायला काम नाही, बोलायला ओळखीचं माणूस नाही. शेवटी एका बाईंनी मला विचारलं, ‘तुमी बँकेतले का?’

मी ग्रुपला कळवलं. विजया म्हात्रे, नंबर अमुक, मुलगी जावयासह बंगळुरूला, सायंकाळपर्यंत पोचेल. तुझ्या नियमाने लिहिलं. पण घरी येताना मनात एकच येत होतं. हरीला माझी गरज नव्हती. मला मात्र त्याची होती.

ते आता स्पष्टच लिहितो. तू गेल्यावर माझा पहिला पोचणारा उरला नाही. त्यानंतर जवळचा म्हणजे डोंबिवलीचा, तो स्वतःच वॉकर घेऊन चालतो. पनवेलच्याला मुलाने पुण्याला नेलंय. आमचा मिलिंद कॅनडात. तो चांगला मुलगा आहे, रोज फोन करतो, पण यायला त्याला दोन दिवस लागणार. शेजारी फ्लॅट भाड्याचे, दर वर्षी नवी माणसं, लिफ्टमध्ये गुड मॉर्निंगपलीकडे ओळख नाही. आणि सुनंदाला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. माणूस समोर आला की आवाजावरून ओळखते. मी सकाळी उठलो नाही तर ती काय करेल? दार उघडून जिन्यात हाका मारेल? कुणाला? तू गेल्यापासून मी हाच विचार करतोय. सुनंदाला बोललो नव्हतो.

तर कुलदीप. हातांनी भरलेला तो स्क्रीन बघून माझं डोकं फिरलं. मी इकडेतिकडे फोन करून त्याच्या घरचा नंबर मिळवला, वहिनींचं नाव मनजीत हेही विचारून घेतलं, आणि फोन लावला. मनात जुळवाजुळव केली होती, हिंदीत काय बोलायचं. मनजीत वहिनींनी माझं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, ‘हां भाईसाहब, पापडी से विजयाजी का फोन आ गया था. चंडीगढ़ से राणा साहब भी पहुँच गए, उन्होंने ही भेजा.’

मी फोन हातात धरून बसलो. पापडीहून विजयाजी?

काल रविवार होता. सुनंदाला गाडीत घातलं आणि पापडीला गेलो. तुझी विजया, म्हणजे माझ्या वहिनी, अंगणात विड्याची पानं निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, सुनंदाचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, ‘कुलदीपभाईंच्या घरी फोन केलेला मी. चाललं ना?’

चाललं ना? हरी, मलाच विचारतायत!

तुझा फोन त्यांच्याकडेच आहे. नंबर बंद केला नाही. ‘सगल्या कोर्सकडं हाच नंबर हाय, बंद कशाला करू?’ ग्रुपवर बातमी दिसली. त्यांनी बराच वेळ वाट बघितली, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. मग त्यांना आठवलं की तू राणाबद्दल बोलायचास, चंडीगडला असतो, पायांनी धड आहे. त्याला फोन करून सांगितलं, तुम्ही निघा, ब्लेझर घाला. त्यानंतर अंबाल्याला.

‘हिंदीत?’ मी विचारलं. वहिनींचं हिंदी तुला माहीत आहे.

‘येईल तशी. तिला विचारलं, घर में कौन है, चाय पिया क्या. ती रडाय लागली. मी पन रडले. मग म्हटलं, अभी एक आदमी आयेगा, कोर्स का है, उसको खाना देना.’

मला हसू आलं. मी म्हटलं, वहिनी, माणूस पाठवून खरंच काही उपयोग होतो का हो? मी आलो त्या दिवशी नुसता माडाखाली उभा होतो. तुमच्याकडे सगळी आळी होती.

त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. शाळेत शिकवायच्या तेव्हा पोराने चुकीचं उत्तर दिलं की बघत असतील, तसं माझ्याकडे बघितलं. ‘भावजी, आळीतल्या लोकांचा हऱ्या गेला. माझा नवरा गेला. पन फौजेतला जो मानूस होता ना, तो कोनाला माहीत होता इथं? तुमी त्या कोटात उभे होतात म्हनून मला वाटलं, तो पन गेला हे कुनालातरी कललं.’

सुनंदाने चाचपून वहिनींचा हात धरला.

मग त्या म्हणाल्या, ‘आनी तुमाला काय वाटलं, हे पयल्या पोचनाऱ्याचं त्यांनी स्वतःसाठी काढलेलं? तुमी विरारला राहायला आलात तेव्हापासून याच्या मागं लागलेले. मला म्हनायचे, आपल्याकडं हाक मारली तर पन्नास मान्सं येतील. शरदकडं कोन येनार?’

हरी, हे तू मला का नाही सांगितलंस? मी इतकी वर्षं ऐटीत होतो की तुझी जबाबदारी माझ्यावर आहे! ब्लेझर दर उन्हाळ्यात ड्रायक्लीनिंगला देत होतो तुझ्यासाठी! आणि तू मासळीची पिशवी टाकायचं निमित्त करून आमच्या घरी फेरी मारून जायचास. अर्नाळ्याहून पापडीला जायला विरारला यावंच लागतं असं थोडंच आहे? हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. मी साधा नकाशा वाचला नाही रे.

तेव्हा मी बोललो. सुनंदाच्या समोर. म्हटलं, वहिनी, आता हरी नाही, मला रात्रंदिवस हिची काळजी लागून राहिली आहे. मला काही झालं तर हिच्याकडे पहिलं कोण पोचणार?

मला वाटलं सुनंदा रागावेल. ती म्हणाली, ‘मला ठाऊक होतं. तुम्ही झोपेतून उठून मला विचारता, फोन कुठे ठेवलायस. मध्यरात्री उठणारा माणूस वेळ विचारतो, फोन नाही.’

वहिनींनी काही सांत्वन केलं नाही. सुनंदाकडे हात पुढे केला. ‘तुझा फोन दे गं.’

मोठ्या बटणांचा तो फोन तू पाहिला आहेस. वर तीन वेगळी बटणं आहेत, नुसतं दाबलं की ठरलेल्या माणसाला लागतो. पहिल्यावर मी, दुसऱ्यावर मिलिंद, तिसऱ्यावर सोसायटीचा वॉचमन. वहिनींनी चष्मा लावला, बराच वेळ खटपट केली, एकदा मला विचारलं, दोनदा स्वतःशी पुटपुटल्या, आणि पहिल्या बटणावर तुझा नंबर टाकला.

‘मग ह्यांचा नंबर?’ सुनंदाने विचारलं.

‘हे घरात असतात ना तुझ्याजवल? त्यांना हाक मार. हाकेला ओ नाय दिली, तर पयलं बटन दाब. बोलायला नाय जमलं तरी चालंल. नुसतं दाब. मी पुतन्याला उठवून गाडी काढते आनी येते.’

खरं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. इतक्या सरळ शब्दांत माझं मरण माझ्यासमोर ठरत होतं, आणि मला किती दिवसांनी हलकं वाटलं म्हणून सांगू!

सुनंदा म्हणाली, ‘आणि मी आधी गेले तर?’

‘तर हे येतील इकडं जेवायला. यांना कुठं सैपाक येतो?’

मग सुनंदाने बोटांनी चाचपून पहिलं बटण शोधलं आणि दाबलं. आत, तुझ्या टेबलावर, तुझा फोन वाजला. तीच रिंग. वहिनी उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी फोन घेतला. ओट्यावर बसलेल्या सुनंदाच्या कानात त्यांचा आवाज आला आणि खिडकीतूनही आला. ‘बोल सुनंदा, मी विजया.’

‘काही नाही,’ सुनंदा म्हणाली, ‘लागतो का बघितलं.’

वहिनी लगेच बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुऊन आल्या होत्या आणि हातात तीन कप चहा होता.

ग्रुपला मी आज सकाळी कळवलं. वसई-विरारसाठी पहिल्या पोचणाऱ्या, विजया म्हात्रे. एकाने लिहिलं, बायकांचा ग्रुप वेगळा आहे ना? त्याला मी फोन करून दहा मिनिटं झाडलं. तुझ्या आवाजाची सर नाही, पण ऐकलं त्याने.

आता माझा शब्द. बातमी आली की तुझ्या पद्धतीने ती मी आणि वहिनी मिळून देऊ. बातमीत कुणाचीही बायको नुसती ‘मिसेस’ म्हणून जाणार नाही. दर रविवारी सुनंदाला घेऊन पापडीला जाईन. आणि रोज सकाळी सुनंदाने हाक मारली की, मी कितीही झोपेत असलो, पेपर वाचत असलो, तिच्यावर रुसलेलो असलो, तरी पहिल्या हाकेला ओ देईन. जितके दिवस देता येईल तितके दिवस.

तुझा,
शरद
विरार