लाल गाडी झोपलीय

प्रिय कर्ट,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला हसू आलं असेल. शाळेतले सगळे निबंध ज्याने तुझ्याकडून लिहून घेतले आणि तरीही शाळा अर्ध्यात सोडली, तो आर्नी लाम्पी कागद पुढे घेऊन बसलाय. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर मी नुसता ओरडलो असतो. लिहिताना बरं असतं, शिवी पूर्ण व्हायच्या आधी हात दुखायला लागतो. मार्चमध्ये तुला गॅरेजमध्ये तसाच उभा सोडून मी निघून आलो, त्या दिवसापासून डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, की कर्टने माझी गाडी बर्फात काढली. कर्टने, दुसऱ्या कोणी नाही. वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला की आत अंधार होतो, त्या अंधारातही तेच. पहिलीपासूनची आपली दोस्ती ठेवायची का तोडायची, हे अजून माझं ठरलेलं नाही. म्हणून लिहितोय. लिहिता लिहिता ठरलं तर बरंच.

इथे लुईझियानात एप्रिलमध्येच अंगातून धारा लागतात. बोटीच्या पोटात वाकून शिरायचं, पत्र्याला पत्रा जोडायचा, बाहेर येऊन बाटलीभर पाणी डोक्यावर ओतायचं. माझ्याबरोबर टेरेल म्हणून एक जण आहे, बर्फ त्याने फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय. त्याला परवा मी सांगत होतो, की आमच्याकडे उत्तरेत चांगली गाडी सहा महिने झाकून ठेवतात आणि हिवाळ्यात एखादं खटारं चालवतात. त्याला वाटलं मी फेकतोय. मग त्याला मिठाचं सांगितलं. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीला खालून खात जातं, दोन-तीन हिवाळ्यांत बूट घातलेला पाय पत्र्यातून आरपार जाईल इतकं. शिवाय आपली गाडी मागच्या चाकांवर धावणारी, वजन सगळं पुढे, शेपूट हलकी. बर्फावर जरा जोरात पाय दाबला की शेपूट पुढे आणि तोंड मागे. टेरेल म्हणाला, मग असली गाडी तिकडे घ्यायचीच कशाला? मी म्हटलं, बाबा, हे तू माझ्या बापाला विचारायला हवं होतंस. आणि मग तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. त्याला वाटलं, माझ्या डोळ्यात ठिणगी गेली.

तुला आठवतं ना, ती लाल मस्टँग आपल्या अंगणात आली तेव्हा तिचा नुसता सांगाडा होता. आई गेल्यानंतरचे सगळे हिवाळे मी आणि बाबा तिच्याखाली पाठ टेकून पडलेलो असायचो. बोलायचं म्हणजे पाना दे आणि टॉर्च धर, एवढंच. पण तेवढंच आमचं बोलणं होतं आणि मला ते पुरायचं. तू स्टुलावर बसून तुझ्या आईच्या, शर्लीकाकूंच्या हातची मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी खात आम्हाला अक्कल शिकवायचास. गाडी ही चालवायची वस्तू आहे, झाकून पूजा करायची नाही. चारी चाकांना बर्फाचे टायर घाला, डिकीत वाळूची पोती टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू उचला, काही होत नाही. बाबा म्हणायचे, हे पोरगं एक दिवस सरोवरात जाऊन पडणार आणि तळाला गेल्यावरही म्हणणार की टायर चांगले होते. बाबांचा नियम ठरलेला होता. मीठ पडायच्या आत गाडी आत. सगळ्या जिल्ह्यात मीठ टाकत फिरायचा तोच माणूस, त्यामुळे त्याच्याइतकं कोणाला कळणार? दरवर्षी ट्रकमध्ये पहिल्यांदा मीठ भरायचे, त्या संध्याकाळी रस्ते खात्याच्या डेपोतून त्यांचा घरी फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. नुसतं, “आज भरतोय, आत घे.” की मी गाडी गॅरेजमध्ये घ्यायची, ठोकळ्यांवर चढवायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची आणि उलटा फोन करून सांगायचं, “झोपली.” तोवर ते ट्रक बाहेर काढायचे नाहीत. माझ्या पोराची गाडी झोपल्याशिवाय जिल्ह्याला मीठ मिळणार नाही म्हणायचे. डेपोत सगळे हसायचे.

सप्टेंबरात मी इकडे यायला निघालो तेव्हा बाबा निवृत्त होऊन घरी बसले होते. किल्ली मी तुझ्या हातात दिली. हसू नकोस म्हणालो होतो आणि तू हसला नव्हतास. म्हटलं, बाबांचे गुडघे आता काम देत नाहीत, गाडी ठोकळ्यांवर तू चढव आणि हिवाळ्यात हिला हात लावायचा नाही. तू तुझ्या आईची शप्पथ घेतलीस. जूनमध्ये मी येईन, बाबांना शेजारी बसवून सरोवराच्या कडेकडेने अगदी टोकापर्यंत नेईन, हेही तुझ्यासमोरच ठरलं होतं. इतकी वर्षं त्या गाडीवर खपले, पण उन्हाळाभर डेपोचं रस्तेदुरुस्तीचं काम, तिच्यात बसून लांब असे ते कधी गेलेच नव्हते.

मग दर रविवारी माझा फोन. गाडी कशी आहे? झोपलीय. तुम्ही कसे आहात? मी पण झोपतोय, दुसरं काम काय आहे. आवाज खाली गेल्यासारखा वाटतोय म्हटलं तर म्हणायचे, वाफेचा सौना जास्त तापवला होता, घसा सुकलाय. नाताळात येतो म्हटलं तर म्हणाले, वेड लागलंय का, रस्ते बंद आहेत, तिकडे सुट्टीचं दुप्पट देतात ते घे आणि जूनमध्ये ये. मी तुला विचारलं, बाबा बरे आहेत ना? तू म्हणालास, म्हातारा आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाणार. पुरावा म्हणून ताडपत्रीखालच्या गाडीचा फोटोही पाठवलास. तो फोटो मी टेरेलला दाखवला, उशाशी लावून ठेवला. त्यात मागच्या भिंतीवर माझी हॉकीची काठी टांगलेली दिसत होती. ती काठी, कर्ट, सप्टेंबरपासून इथे माझ्या खाटेखाली पडलीय. म्हणजे फोटो आदल्या हिवाळ्यातला. रोज बघत होतो आणि मला दिसलं नाही. तू फोटो शोधताना किती वेळ घेतलास रे? का पटकन सापडला?

मार्चमध्ये तुझा फोन आला, ये म्हणालास. मी विचारलं, किती सिरियस आहे? तू विमानाच्या वेळा सांगायला लागलास, तेव्हा कळलं की सिरियस असण्याची वेळ होऊन गेलीय. बाबांसाठीची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे जेवत होते, बटाटे, हॅम, कॉफी. मी ताट धरून उभा होतो. बाबांच्या डेपोतला क्लॅरन्स माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पोरा, तुझ्या बापाने हा हिवाळा मात्र झकास काढला. किनाऱ्याच्या रस्त्यावर लाल गाडी लांबून दिसली की आम्ही रेडिओवरून एकमेकांना कळवायचो, वायनो लाम्पी निघालाय. मी ट्रक त्याच्यापुढे घ्यायचो, बर्फ ढकलायचं फावडं खाली आणि मीठ बंद. पुढे मी, मागे तुझा बाप. सांगताना त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. ताट तिथेच ठेवून मी घरी आलो. अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. डेपोला माहीत, पास्टरला माहीत, शर्लीकाकूंना माहीत. फक्त ज्याचा बाप आणि ज्याची गाडी, त्याला माहीत नव्हतं.

गॅरेजमध्ये ताडपत्री ओढली तर गाडी ठोकळ्यांवर नव्हतीच, चाकांवर उभी. बर्फाचे टायर. डिकीत वाळूची पोती, त्यातलं एक फुटलेलं. मी चर्चच्या कपड्यांत खाली सरकलो. जोडांमध्ये, पाइपवर, आम्ही दोघांनी बोटांनी रंग लावला होता त्या प्रत्येक कोपऱ्यात पांढरा थर. क्लॅरन्सने मीठ बंद केलं म्हणून काय, बाकीच्या रस्त्यांनी आपलं काम केलंच होतं. मग तू आलास. मी काय काय बोललो ते तुझ्या लक्षात असेलच, ते परत लिहीत नाही आणि परत घेतही नाही. तू भिंतीला टेकून सगळं ऐकून घेतलंस आणि मग सांगितलंस. ऑक्टोबरात डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं सांगितलं होतं. सुरुवातीला तुम्ही दोघं तुझ्या खटाऱ्यातूनच हॉस्पिटलला जात होतात. मग एक दिवस, बाहेर बर्फाची भुरभुर चालू असताना, बाबांनी ताडपत्रीकडे हनुवटी करून म्हटलं, ही काढ. तू त्यांना नियमाची आठवण करून दिलीस. आणि ते म्हणाले,

“उन्हाळ्यासाठी राखून ठेवायला माझ्याकडे उन्हाळा पाहिजे ना रे.”

हे वाक्य तू मला सांगायला नको होतंस, कर्ट. कारण यावर रागावता येत नाही आणि मला तर रागवायचंच होतं. मी तुझ्या अंगावरून निघून गेलो ते त्यामुळे. विमानात बसेपर्यंत माझ्या बुटांना ते मीठ लागलेलं होतं.

पण आता इतके दिवस गेल्यावर मला नीट सांगता येतंय की मला लागलं ते काय. गाडी गंजली, गंजू दे. घासू, रंगवू, नाही तर मोडीत देऊ. शप्पथ मोडलीस, तीही मरत्या माणसासाठी मोडलीस, मीही मोडली असती. त्यांनी तुझ्याकडून वचन घेतलं होतं की आर्नीला कळवायचं नाही, तो काम सोडून धावत येईल. तू म्हणालास, मी दोघांना दोन वचनं दिली, एक मोडणारच होतं. बरोबर आहे. पण कोणतं मोडायचं ते तू निवडलंस. माझं मोडलंस. मी आलो असतो, हेच तर त्यांना नको होतं आणि हेच मला हवं होतं. काम काय, पत्रे काय, ते कुठेही मिळतात. माझ्या बापाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याच्या शेजारची, स्टिअरिंगमागची सीट माझी होती आणि तिथे तू बसलास. शेपूट घसरली तेव्हा ते कसे हसले, ते तुला माहीत आहे. मला लहानपणी गोठलेल्या खाडीवर जुन्या ट्रकमध्ये शिकवलं होतं, जिकडे घसरेल तिकडेच वळव, ब्रेकवर पाय देऊ नकोस, घाबरलास तर गाडीला कळतं. तुलाही तसंच सांगत होते का? का तू त्यांना शिकवत होतास? किनाऱ्याच्या त्या मोठ्या वळणावर, जिथून सरोवर एकदम समोर येतं, तिथे ते काही बोलले का? दर रविवारी माझ्याशी खोटं बोलून झाल्यावर फोन ठेवला की त्यांचा चेहरा कसा व्हायचा? हे सगळं तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे जुना फोटो आहे. चोरी म्हणतात ती याला, गाडी नेली त्याला नाही.

आता कामाचं लिहितो. पास्टरचा निरोप आलाय, की गोठलेली जमीन सुटायला लागलीय, मेच्या दुसऱ्या आठवड्यात कबरीसाठी कुदळ लागेल. तोवर बाबा स्मशानाच्या दगडी कोठीत आहेत, हिवाळ्यात गेलेल्या इतरांबरोबर, झाकून ठेवलेले. इकडच्या लोकांना हे सांगितलं तर पटत नाही, पण मला त्याचं काही वाटत नाही, आपल्याकडे जे जपायचं ते वसंतापर्यंत आतच ठेवतात. मी त्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या विमानाने येतोय. मला न्यायला तू ये. खटारं आणू नकोस, लाल गाडी आण. धुऊ नकोस, खालचं मीठ तसंच राहू दे. पोतीही काढू नकोस. चालव तूच. शेजारची सीट बाबा बसायचे तेव्हा जितकी मागे आणि जितकी आडवी होती तितकीच ठेव, मी तिथे बसेन. विमानतळापासून कोठीपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने हळू चल आणि कुठे काय म्हणाले ते प्रत्येक वळणावर सांगत चल, एकही गाळू नकोस, माझ्याबद्दल वाईट बोलले असतील तेही. मी बहुतेक काही बोलणार नाही. माफ केलं असं समजू नकोस, ते माझं अजून ठरलेलं नाही, लिहून संपलं तरी. पण त्या रस्त्यावर मला दुसरं कोणी नकोय. आणि त्या दिवशी बर्फ पडत असला तरी तीच गाडी आण.

अजून तरी तुझाच,
आर्नी