मेमसाहेबाचं बांबूचं कॉर्सेट

६ ऑक्टो., भद्रावती
सकाळच्या एस्टीनं वंदू आली. माझ्या धाकट्या बहिणीला झाडीपट्टीच्या नाटकात पहिल्यांदा मोठं काम मिळालंय! इंग्रज कलेक्टरची मेम, दोन गाणी. दिग्दर्शकांनी बजावलंय, "मेम दिसली पाह्यजे, नाई तं दुसरी बाई पाहू." वंदूनं मोबाइलवर चित्र दाखवलं. जुन्या काळच्या मडमा कंबर आवळायला घालायच्या ते कॉर्सेट. "ताई, तू ब्लाउज शिवते नं? हे बी शिवून दे." हे बी! जसा काय पोळीनंतर भात वाढायचा.

९ ऑक्टो.
पेपरवर आखणी. ब्लाउजला सैल सोडते, इथं उलटं. कंबरेत दोन इंच कमी, शिवाय मागं नाडी ओढायला फट. कापडाच्या निमुळत्या कळ्याच कळ्या, एकीसारखी दुसरी नाही. नंबर टाकायचे राहिले. डावी कुठली, उजवी कुठली... अर्धी दुपार फरशीवर.

१४ ऑक्टो.
जुन्या चादरीचा नमुना झाला. वंदू कुरखेड्याला तालमीत, मग सासूबाईच म्हणाल्या, मले घालून पाहा. नाडी ओढली. "आणखी ओढ वो, कंबरेले बरं वाटून राह्यलं." काढायलाच तयार नाहीत. हे ड्युटीवरून आले, दारातच थबकले. "आई, कुठी लढाईले चालली?"

२० ऑक्टो.
कापड ताठ राहायला आत पट्ट्या लागतात. प्लास्टिकच्या घातल्या, वाकल्या त्या वाकल्याच. शेवटी बुरडाकडच्या शेवंताबाईंकडून बांबूच्या पातळ कमच्या आणल्या. "टोपलीले पाह्यजे का सुपाले?" मी म्हटलं, "बहिणीले." हसून हसून बाईंचा ठसका थांबेना.

२८ ऑक्टो.
वंदू तालमीवरून आली, तिला घातलं. काय दिसली! आरशासमोरून हलेना. मग गायला लागली, अन् वरचा सूर निघेचना.
"ताई, श्वासच पुरून नाई राह्यला."
रडली. काम जाईल म्हणाली. दिसायला मेम झाली, पण मुकी मेम कोण ठेवणार?
चहा झाल्यावर सुचलं. मी माप घेतलं ते ती उगी उभी असताना! तिला गायला लावलं, टेप बरगड्यांवर धरून बसले. वरच्या सुराला टेप हातातून सरकली. सगळं उसवलं. कंबर तेवढीच, बरगडीला ढील.

३ नोव्हें.
जमलं! अख्खं गाणं स्वयंपाकघरात. सासूबाई लाडू वळायच्या थांबल्या. वंदू कॉर्सेट पिशवीत घालून गेली. घर एकदम...

१० नोव्हें.
वंदूचा फोन. काल कुरखेड्याकडच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, पहिला प्रयोग. दुसऱ्या गाण्यात नाडी तुटली! पण कलेक्टर झालेला नट तिच्या मागं जाऊन गाठ मारत म्हणाला, "मॅडम, झाडीचा भात लय मानवला तुले." शिट्ट्याच शिट्ट्या. अन् वंदूनं गाणं सोडलं नाही, वरच्या सुरासकट पूर्ण केलं.
दुपारी खुद्द दिग्दर्शकांचा फोन. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. "बाई, नाडी रोज तुटली पाह्यजे. त्याच ओळीले."
शुक्रवारी पुढचा प्रयोग. नाडी एका जागी कापून कच्च्या दोऱ्यानं जोडून बघतेय. आधीच तुटली तर? तुटलीच नाही तर? वंदू म्हणते, "तूच ये, विंगेतून ओढ." ह्यांना अजून विचारलं नाही. साडी मात्र इस्त्रीला टाकली.