लांबी भरलेली चौकट

बाबा,

काल ऑफिसात मी साहेबांशी भांडले आणि त्या भांडणात तुम्हाला ओढलं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. मी इंजिनिअर झाले, घरातली पहिली पदवी माझी, आणि ज्या देशात तुम्ही चौकटींवर रंधा मारत होतात तिथेच नोकरीला लागले, यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. तरी सुरुवात भांडणापासूनच करते, कारण राग अजून उतरलेला नाही.

खलिफा सिटीतल्या एका व्हिलाला लाकडी चौकटींचं काचघर आहे, त्याच्या दुरुस्तीचं काम आमच्या कंपनीकडे आहे. घरातल्या अमिराती आजी रोज सकाळी तिथे कुंड्यांमध्ये बसून गहवा, म्हणजे इथली कॉफी, पितात. डोक्यावर काचेचं छप्पर. वाळवंटात लाकूड कुजतं म्हटलं तर गावाकडे कुणी विश्वास ठेवणार नाही, पण आत एसी चालतो, थंड काचेवर बाहेरची दमट हवा पाणी होऊन ओघळते आणि खालच्या लाकडात मुरते. निचऱ्याची भोकं कुणीतरी रंगाने बुजवून टाकलेली. मी कोपऱ्यातल्या खांबाला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर चहात भिजलेल्या खारीत जावा तसा आत गेला. चारही खांबांची तीच गत. मी अहवालात लिहिलं, खांबांचा कुजलेला भाग कापून नवं लाकूड जोडा, आणि तोवर आजींना तिथे बसू देऊ नका.

साहेब पुण्याचे आहेत. वाचून हसले. "अगं, पुट्टी भरायची, वरून दोन हात रंग, खलास! गुरुवारी हॅंडओव्हर आहे. चौकटी ठीक आहेत असं लिही आणि सही कर, यल्ला, चल लवकर."

"सर, छप्पर खाली येईल."

"तुझं प्रोबेशन चालू आहे, विसरू नकोस. आणि तू इंजिनिअर आहेस की सुतार?"

"सुताराची मुलगी आहे. माझे बाबा रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर राबले. कुजलेल्या लाकडावर त्यांनी एकदाही लांबी भरली नाही!"

आवाज इतका चढला होता की शेजारच्या टेबलांवरचं टाईपिंग थांबलं. साहेब खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "बरं बाई. वडिलांचं नाव काढलंस. कापा खांब. क्लायंटशी मी बोलतो."

पुट्टीला लांबी म्हणतात हे मला तुमच्यामुळेच माहीत. आठवतं? मी अकरा वर्षांची आहे, मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि मी तुमच्याकडे आलोय आणि तुम्ही मला एक दिवस वर्कशॉपमध्ये नेलंय. तुम्ही म्हणता, "जा, लांबी आण." मी धावत जाऊन मोजायची टेप आणते. तुमच्यासोबतचे सगळे सुतार हसून लोळतात. "लंबी बोला तो टेप लायी! ये तो इंजिनियर बनेगी!" तुम्हीही हसता. मग एका दाराच्या चौकटीपाशी बसवून स्क्रूड्रायव्हर हातात देता. "टोचून बघ. आत गेला तर कुजलंय." तो आत जातो. मला केवढा अभिमान वाटतो.

तेवढ्यात मालक केबिनमधून ओरडतो, "पुट्टी मारो, पार्टी बाहर खड़ी है!" आणि तुम्ही भरता, बाबा. मी टोचलेल्याच भोकात भरता, घासता, रंगवता, तळव्याने गुळगुळीत करता. गिऱ्हाईक हात फिरवून म्हणतं, जबरदस्त. मी म्हणते, "अंकल, अंदर से सड़ा है." तुम्ही माझा दंड दाबता. "गप्प. मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही." गिऱ्हाईकाला वाटतं मी खेळतेय. परतताना बसमध्ये तुम्ही तो स्क्रूड्रायव्हर मला देऊन टाकता आणि खिडकीबाहेर बघत बसता.

मग टोचायला शिकवलंत कशाला? कुजलेलं ओळखायला आणि त्यावर गप्प राहायला, दोन्ही एकाच सकाळी कसं शिकवलंत? व्हिसा मालकाच्या हातात होता, घर तुमच्यावर होतं, हे मला कळतं. पण ती चौकट कुणाच्या तरी घरात बसली. त्या दाराला कुणीतरी भरवशाने टेकलं असेल. साहेबांकडेही गुरुवारचं कारण होतंच, आणि मी त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं. तुम्हाला सुनावायला मात्र मला तुम्ही गेल्यावरही पंधरा वर्षं लागली.

आज खांब कापले. आतून ओला तपकिरी भुसा निघाला. साहेब स्वतः आले होते, भुसा हातात घेऊन बघितला. आजींची खुर्ची दिवाणखान्यात हलवली आहे, त्या माझ्यावर जरा रागावल्यात.

दुपारी आईला फोनवर सगळं सांगितलं, तुम्ही एकदाही लांबी भरली नाही हे वाक्यसुद्धा. ती रडायला लागली. म्हणाली, "अगदी असेच होते गं ते." आईला वाचता येत नाही, काही लिहिलं की मी तिला फोनवर वाचून दाखवते. हे पत्र वाचून दाखवणार नाही. कारण ती तसं म्हणाली, तेव्हा मी हो म्हणाले.