खोटी रेघ

शिगेकीदादा,

बाबांची तरुणपणची दोन सिलिंडरची मोटारसायकल बाबांनी आणि मी तीन वर्षं खपून पुन्हा उभी केली. त्यांचा नियम तुला ठाऊक आहे: नट पूर्ण कसला की मगच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ. रेघ दिसली की ते पुन्हा तपासत नाहीत.

शनिवारी मी पुढच्या चाकाच्या नटावर घाईत आधी रेघ मारली. कसणार तेवढ्यात तुझा फोन आला, वर्षभरानं पहिलाच. नंतर नट कसला की नाही, काही केल्या आठवेना. रेघ मारलेल्या नटाला पुन्हा पाना लावताना दिसले, तर बाबांचा विश्वास उडेल, म्हणून गप्प राहिले.

आज सकाळी बाबा हेल्मेट घालून हामाना तळ्याकडे निघाले. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. शेजारचे ओगुरीकाका ओरडले, "अहो, तुमच्याआधी हिचा दमा बरा झाला की!" सगळे हसले. बाबांनी क्लच दाबला आणि मी गाडीपुढे जाऊन उभी राहिले.

"बाबा, उतरा. चाकावरची रेघ खोटी आहे."

त्यांनी पाना लावला. नट सहज दीड फेरा फिरला. काकांचंही हसू मावळलं.

"चिझुरू, असं कसं झालं?"

"माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी फडकं थिनरमध्ये बुडवून गाडीवरची एकूण एक रेघ पुसली. "चल, पहिल्यापासून," एवढंच म्हणाले. आता जेवायला थांबलोय.

तुझ्या फोनचं त्यांना सांगितलं नाही. हे पत्रही टाकणार नाही. वाचलंस, तर पुन्हा फोन करायला कचरशील.

तुझी,
चिझुरू